रोशाचे तेल आणि पाणी

दरवर्षी गणेशोत्सवाची स्मरणिका निघाली की इतिहासाच्या पानांवर ठरलेली मंडळी हजर असतात. धारचे पवार, देवासच्या थोरल्या आणि धाकट्या पातीचे पवार, एकाच गावात नांदलेल्या दोन राज्यांच्या गमती, फोर्स्टरसाहेबांची देवासची नोकरी, टेकडीवरची देवी आणि कुमारजी. त्यांच्याविषयी लिहावे तेवढे थोडेच आहे. पण आमच्या घरांतल्या तीन-चार पिढ्यांनी ते वाचले आहे, ऐकले आहे, आणि जावयांनाही सांगून झाले आहे. यंदा आम्ही एका गवतावर लिहायचे ठरवले. गणपतीला एकवीस दूर्वा मोजून वाहणाऱ्या घरांना गवताचे महत्त्व पटवून द्यावे लागू नये.

या गवताला मराठीत रोशा किंवा रोहिस म्हणतात, संस्कृतात रोहिष, आणि निमाडात तिखाडी. मांडवगडावरून खाली धरमपुरीकडे, नर्मदेच्या बाजूला विंध्याचे जे उतार जातात ते याचे आवडते ठिकाण. पाणी न साचणारी, मुरमाड, भरपूर उन्हाची जमीन याला मानवते. पावसाळ्यात ते माणसाच्या कमरेइतके, कधी डोक्याइतके वाढते. गणपती बसतात तेव्हा ते हिरवे असते, आणि विसर्जनानंतर दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास त्याला तुरे येतात. तुरा हातावर चोळला तर गुलाबाचा वास येतो. अगदी गुलाबाचा नव्हे. गुलाबावर कोणी लिंबाचे पान चुरगाळावे तसा.

या वासाचा इतिहास मोठा मजेदार आहे. त्याचा शेवटचा अध्याय आज औषधांच्या आणि खाद्यपदार्थांच्या प्रयोगशाळांत लिहिला जातो आहे, आणि आमच्या घरांतली बरीच मुले-मुली पिथमपूर-इंदूरकडे त्याच क्षेत्रात कामाला आहेत. घरी आल्यावर ती ‘नॅनो-इमल्शन’ असा शब्द उच्चारतात आणि आपण मान डोलावतो. मान डोलावण्यापूर्वी मागची गोष्ट ठाऊक असावी म्हणून हा लेख.

सुरुवात मांडवगडापासून करणे भाग आहे. रूपमतीच्या गोष्टीपुढे माळव्याच्या सुलतानांची एक गोष्ट झाकून गेली आहे. घियासशाह खिलजी १४६९ साली मांडूच्या गादीवर आला आणि राज्याचा कारभार बराचसा मुलावर सोपवून स्वतः खाण्यापिण्याच्या आणि सुगंधांच्या अभ्यासाला लागला. त्याच्या काळात सुरू झालेले आणि त्याचा मुलगा नासिरशाह याच्या काळात पुरे झालेले ‘निअमतनामा’ हे पुस्तक आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. भाषा फारसी, मध्ये मध्ये देशी शब्दांची पेरणी, आणि सुमारे पन्नास चित्रे. जवळपास प्रत्येक चित्रात भरघोस मिशांचा सुलतान बसलेला, आणि समोर कोणी काही शिजवते आहे, कोणी वाटते आहे, कोणी गाळते आहे. लोक हे पुस्तक समोशांसाठी आणि खिरींसाठी वाखाणतात. आमच्या मते त्याचा खरा जीव सुगंधांच्या भागात आहे. अर्क काढणे, गुलाबपाणी, चंदन, कापूर, कस्तुरी, अंगाला लावायची उटणी, विड्यात घालायचे मसाले, वासाची तेले या सगळ्यांच्या कृती त्यात आहेत. सुगंध ही तिथे चैनीची वेगळी वस्तू नाही. ताप उतरवायला, भूक लागायला, घामाचा वास घालवायला, अन्न रुचकर करायला तो वापरायचा आहे. आज ‘फंक्शनल प्रॉडक्ट’ म्हणून जे विकले जाते ते याहून निराळे नाही.

त्या काळच्या आणि त्यानंतरच्या सगळ्याच सुगंधकर्त्यांपुढे एक अडचण असे. वास ही पळपुटी चीज आहे. फुलातून, गवतातून, सालीतून जे तेल निघते ते खाण्याच्या तेलासारखे नसते. त्याचा डाग कागदावर पडतो आणि थोड्या वेळाने उडून जातो. हवा लागली की ते बिघडते, उन्हाने बिघडते, आणि पाण्यात तर ते मिसळतच नाही. मग त्याला धरून ठेवायचे कसे? आपल्याकडे यावर एक ठाम उत्तर होते: जड तेलाच्या आश्रयाला पाठवायचे. फुलेल करणारे तिळाचे आणि मोगऱ्याच्या फुलांचे थर एकावर एक रचून ठेवत, फुले पुन्हा पुन्हा बदलत, आणि वास प्यालेल्या तिळांचे तेल गाळत. अत्तर करणारे गुलाबाची किंवा केवड्याची वाफ सरळ चंदनाच्या तेलात उतरवत. चंदनतेल जड, सावकाश उडणारे. त्याच्या संगतीत गुलाबही सावकाश उडतो. ही युक्ती वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे ती पुन्हा येणार आहे, आणि तिथे तिचे नाव जर्मन आहे.

आता रोशाकडे. एकोणिसाव्या शतकात या तेलाचा धंदा खानदेशात आणि निमाडात भरभराटीला आला. नंदुरबार, तळोद्याच्या बाजूला भट्ट्यांची गर्दी होती. निमाडचे नाव तर तेलालाच चिकटले. १८२० च्या दशकात इंग्रज डॉक्टर त्याविषयी लिहू लागले तेव्हा त्यांनी त्याला निमाडचे गवततेल असेच म्हटले, आणि संधिवाताच्या रोग्यांना चोळायला सांगितले. कुक्षी, धरमपुरी हे धार संस्थानचे परगणे त्याच निमाडात येत. म्हणजे ज्या दरबारात अत्तर-गुलाब आणि पानसुपारी होऊन मंडळी उठत, त्या दरबाराच्या मुलुखातल्या डोंगरांवर हा वास फुकट उगवत होता. दरबाराला मात्र अत्तर कनौजचेच लागे. घरचे गवत ते गवतच.

भट्टी नेहमी ओढ्याकाठी असे. दगडांच्या चुलीवर मोठी लोखंडी कढई, तिच्यात कापलेले गवत दाबून भरायचे, पाणी घालायचे, वर झाकण बसवून फटी लिंपायच्या. झाकणातून पोकळ बांबूची नळी निघे आणि तिचे दुसरे टोक तांब्याच्या भांड्यात जाई. ते भांडे ओढ्याच्या गार पाण्यात बुडवलेले असे. वाफ नळीतून जाऊन भांड्यात थंड होई, पाणी खाली बसे, तेल वर तरंगे, आणि कारागीर ते हलक्या हाताने निपटून घेई. शंभर किलो ओल्या गवतातून अर्ध्या किलोच्या आसपास तेल. खानदेशात गवत कापणारे बहुतेक भिल्ल, भट्टी चालवणारे मुसलमान कारागीर, आणि पैसा लावणारे व्यापारी. तेल निपटून घेतल्यावर उरलेले वासाचे पाणी पुन्हा कढईत जाई. या धंद्याचे सगळे कसब एका वाक्यात सांगायचे तर ते तेल आणि पाणी वेगळे करण्याचे कसब होते.

तिथून तेल मुंबईला जाई, आणि मुंबईहून तांबड्या समुद्रातल्या बंदरांना. शेवटचा मुक्काम कॉन्स्टँटिनोपल. तिथे त्याला लिंबाच्या रसाच्या पाण्यात घुसळून, उन्हात ठेवून त्याचा उग्रपणा कमी करत. मग ते बल्गेरियातल्या कझानलिकच्या गुलाबबागांत पोहोचे. भट्टीत गुलाबाच्या पाकळ्या टाकण्यापूर्वी त्यांच्यावर निमाडचे तेल शिंपडायचे, की निघणारे तेल अस्सल गुलाबाचे! पॅरिसच्या बाईच्या रुमालावर खानदेश-निमाडच्या डोंगराचा वास असे आणि तिला त्याचा पत्ता नसे. ही भेसळ ओळखायला व्यापाऱ्यांनी एक परीक्षा काढली होती. खरे गुलाबतेल थोड्या गारव्यातच गोठते, रोशाचे गोठत नाही. मग भेसळ करणाऱ्यांनी गोठणारे मेणही घालायला सुरुवात केली. इकडे मुंबईत रोशाच्याच तेलात टर्पेंटाइन आणि घासलेट मिसळणारे महाभाग होते. म्हणजे भेसळीच्या मालातही भेसळ. कोणी कोणाला हसायचे?

या प्रवासात तेलाचे स्वतःचे नाव मात्र गळून पडले. युरोपच्या बाजारात ते ‘तुर्की जिरॅनियम तेल’ म्हणून विकले जाई. ते तुर्की नव्हते आणि जिरॅनियमचेही नव्हते. पुढे त्याला ‘पामारोजा’ हे गोंडस नाव मिळाले, आणि आजही जगभर तेच चालते. शास्त्रीय नावातही आपल्याकडचे कोणी नाही. लखनौला ला मार्टिनियर शाळा ज्याच्या संपत्तीतून उभी राहिली त्या जनरल क्लॉड मार्टिनने टिपूविरुद्धच्या मोहिमेत दक्षिणेच्या पठारावर हे गवत पाहिले, बी लखनौला नेले, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांनी गवताला त्याचेच नाव दिले. आजचे नाव ‘सिंबोपोगॉन मार्टिनी’.

सगळ्यात मोठी नावाची चोरी, चोरी म्हणणे जास्त होईल, पण नावाची गफलत १८७१ साली झाली. ऑस्कर जेकबसन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने भारतातून आलेले हे गवततेल घेऊन त्यातला मुख्य पदार्थ पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वेगळा केला. बाजारात तेलाचे नाव जिरॅनियम, म्हणून पदार्थाचे नाव ‘जेरॅनिऑल’. आज साबणाच्या वेष्टणावर, शांपूच्या बाटलीवर, डास पळवणाऱ्या मलमावर हा शब्द बारीक अक्षरात छापलेला असतो. घरातली कुठलीही सुगंधी बाटली उलटी करून पाहा, बहुधा सापडेल. रोशाच्या चांगल्या तेलात तो शेकडा ७५ ते ९० असतो. हाच पदार्थ गुलाबातही आहे, म्हणून तर ती भेसळ खपून जाई. जगातल्या अतिपरिचित सुगंधी रेणूंपैकी एक पहिल्यांदा बाटलीत शुद्ध उतरला तो आपल्याकडच्या गवतातून, आणि नाव लागले एका परक्या फुलझाडाचे.

भट्टीवाल्यांना मात्र आपले गवत नीट ठाऊक होते. ते ‘मोतिया’ आणि ‘सोफिया’ असे दोन प्रकार मानत. मोतियाचे तेल गोड, महाग. सोफियाचे उग्र, स्वस्त. साहेबलोक बरेच दिवस समजत होते की कोवळे गवत ते मोतिया आणि जून झाले की सोफिया. १९०९ च्या सुमारास बर्किल यांनी हे दोन वेगळे प्रकार असल्याचे दाखवून दिले, आणि शास्त्रात दोन्ही नावे आहेत तशीच घेतली. एवढ्या एका ठिकाणी भट्टीवरचा शब्द टिकला.

पुढची हकिकत थोडक्यात सांगता येईल. विसाव्या शतकाच्या मध्यापासून टर्पेंटाइनपासून कृत्रिम जेरॅनिऑल मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले आणि जंगलातल्या भट्ट्यांचे दिवस फिरले. गवत पूर्ण विसरले गेले नाही. लखनौच्या ‘सीमॅप’ या केंद्रीय संस्थेने त्याची ‘तृष्णा’, ‘पीआरसी-१’ अशी लागवडीची वाणे काढली, अलीकडे सरकारच्या अरोमा मिशनमध्येही ते आहे, आणि हलक्या जमिनीत, जनावरे ज्याला तोंड लावत नाहीत असे पीक म्हणून ते लावले जाते. पण पिंपभर तेल विकून शेतकऱ्याच्या हाती येते ते कच्च्या मालाचे मोल. पैसा पुढच्या पायरीवर असतो. ती पुढची पायरी म्हणजे आपली मुले बोलतात ते प्रकरण.

अडचण तीच, मांडवगडच्या मुदपाकखान्यातली. तेल गुणी आहे: बुरशीला आवरते, कित्येक जिवाणूंना मारते, डासांना दूर ठेवते. पण हात धुण्याचे पाणी, फळांवर फवारायचे पाणी, सरबत, मलम या सगळ्यांचा मोठा भाग पाणी असतो, आणि तेल पाण्यावर तवंग होऊन बसते. सरळ थेंब टाकला तर एका घोटात सगळे तेल आणि दुसऱ्या घोटात नुसते पाणी. कातडीवर तो थेंब जाळेल, जिभेवर तर बोलायलाच नको. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ओढ्याकाठचा कारागीर ज्यांना वेगळे करत होता त्यांना आता पुन्हा एकत्र आणायचे आहे, आणि असे की महिनोन्महिने त्यांनी वेगळे होऊ नये.

तेल-पाण्याचे हे लग्न लावायची रीत आपल्या घरांना अनोळखी नाही. दूध म्हणजे पाण्यात विखुरलेले स्निग्ध कण. ताक घुसळताना आपण ते लग्न मोडतो आणि लोणी वेगळे काढतो. आयुर्वेदातले शतधौत घृत याच्या उलट. तांब्याच्या परातीत तूप घ्यायचे, पाणी घालून हाताने फेसायचे, पाणी ओतून द्यायचे, नवे घालायचे, असे शंभर वेळा. तुपाचा रवाळपणा जातो, पिवळेपणा जातो, आणि पांढरेशुभ्र, मऊ मलम हाती येते. भाजलेल्या जागेवर लावायला ते आजही करतात. त्यात पाणी इतक्या बारीक अंशांनी तुपात शिरलेले असते की ते परत बाहेर पडत नाही. आणि स्वयंपाकघर सोडून मोरीत या: फरशी पुसायच्या बादलीत पांढरे फिनेल ओतले, किंवा दाढीच्या वाटीत डेटॉलचे दोन थेंब टाकले, की पाणी दुधासारखे होते. कोणी घुसळले नाही, तापवले नाही. बाटलीत सुगंधी तेल आणि साबणजातीचे द्रव्य आधीच एकमेकांत विरघळवून ठेवलेले असते. पाण्यात पडताच ते तेल स्वतःहून बारीक थेंबांत फुटते. प्रयोगशाळेतली नॅनो-इमल्शन करण्याची एक सोपी रीत हीच आहे, फक्त द्रव्ये पारखून घेतलेली असतात, आणि ओतणे सावकाश, सतत ढवळत चालते.

दुसरी रीत जोराची. पॅरिसच्या ओग्युस्त गोलँ याने १८९९ मध्ये दूध प्रचंड दाबाखाली अरुंद फटीतून रेटणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. त्यातून निघालेल्या दुधावर साय धरत नसे. (आमच्या आज्यांनी या शोधाचे स्वागत केले नसते.) आजचे होमोजिनायझर त्याचेच वंशज आहेत. तेल आणि पाण्याचे जाडेभरडे मिश्रण शेकडो पट वातावरणदाबाने चिमुकल्या फटीतून काढतात, पुन्हा पुन्हा काढतात. किंवा ध्वनीच्या अतिसूक्ष्म कंपनांनी थेंब फोडतात. शेवटी थेंबाचा व्यास येतो २० ते २०० नॅनोमीटर. आपला केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, आणि प्रकाशाच्या लहरी ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या. थेंब त्याहून खूपच बारीक झाले तर प्रकाश त्यांना न अडखळता पार जातो. म्हणून दुधासारखे मिश्रण हळूहळू निळसर आणि मग जवळजवळ पारदर्शक होते. हे पाहताना, मुले सांगतात, पहिल्या वेळी विश्वास बसत नाही.

इतके बारीक करून काय साधते? मोठा थेंब हलका असल्याने वर येतो, त्याची साय धरते. थेंब दहापट लहान केला तर वर येण्याचा वेग शंभरपट कमी होतो. आणखी लहान केला की पाण्याच्या रेणूंचे धक्केच त्याला इकडून तिकडे खेळवत राहतात आणि तो वर येणे विसरतो. पण याची किंमत आहे. एक मिलिलिटर तेलाचा एकच गोळा केला तर त्याचा पृष्ठभाग पाच चौरस सेंटिमीटरही भरत नाही. तेच तेल १०० नॅनोमीटरच्या थेंबांत वाटले तर पृष्ठभाग होतो ६० चौरस मीटर, म्हणजे दोन-तीन खोल्यांच्या घराची सगळी फरशी. एका चमचाभरही नसलेल्या तेलाची एवढी फरशी कोणीतरी झाकायला हवी, नाहीतर थेंब भेटताच एकमेकांत मिसळणार. हे झाकणारे मध्यस्थ म्हणजे सर्फॅक्टंट. त्यांचे एक टोक तेलाशी सलगी करते, दुसरे पाण्याशी. कोणता मध्यस्थ कोणत्या कामाला, हे ठरवण्यासाठी अमेरिकेत ग्रिफिन यांनी १९४९ मध्ये एक आकड्यांची पट्टी सुचवली. ती ‘एचएलबी’ पट्टी आजही प्रत्येक फार्मसीच्या विद्यार्थ्याला पाठ असते.

आता ती लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट. सुगंधी तेलांची नॅनो-इमल्शने सगळे नीट करूनही बिघडत. थेंब एकमेकांना भेटत नव्हते, तरी काही दिवसांनी मोठे होत. कारण सुगंधी तेल पाण्यात अगदीच अविद्राव्य नसते, किंचित विरघळते. लहान थेंबातले तेल पाण्यात विरघळून निघते आणि मोठ्या थेंबात जाऊन राहते. लहान आटतात, मोठे फुगतात. सावकारी व्यवहारासारखेच. विल्हेल्म ओस्टवाल्ड या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून याला ‘ओस्टवाल्ड रायपनिंग’ म्हणतात. यावर सापडलेला उपाय असा: सुगंधी तेलात आधीच एखादे जड, पाण्यात मुळीच न विरघळणारे तेल मिसळायचे. मक्याचे, नारळापासून काढलेले, तिळाचे. मग हलके तेल थेंब सोडून जाऊ लागले तर मागे जड तेल दाट होत जाते आणि हलक्याला परत ओढते. थेंब होता तेवढाच राहतो. फुलेलवाल्याने तिळाला आणि अत्तरवाल्याने चंदनाला जे काम दिले होते त्याच्याशी याचे नाते उघड आहे. दोन्हीकडचे कारण तंतोतंत एक आहे असे आम्ही म्हणणार नाही. तिकडे वासाला हवेत उडू द्यायचे नव्हते, इकडे पाण्यात झिरपू द्यायचे नाही. पण पळपुट्याला जड सोबती देण्याची बुद्धी तीच.

आणि मध्यस्थ? तो माळव्यात पायलीने मिळतो. १९७० नंतर आपल्याकडे सोयाबीन आले आणि ज्वारी-कापसाचा माळवा पावसाळ्यात सोयाबीनचा झाला. कच्चे सोयातेल शुद्ध करताना पाण्याबरोबर जो चिकट गाळ निघतो त्यापासून लेसिथिन तयार होते. चॉकलेटपासून औषधांपर्यंत तेल-पाणी जुळवण्याचे काम ते करते. डोंगरावर रोशा, पठारावर सोयाबीन, आणि पिथमपुरात औषधे घडवणारे कारखाने, हे तिन्ही एका धार जिल्ह्यात आहेत. देवासच्या कारखान्यांचा विचार केला तर एका तासाच्या परिघात. तरी हे तेल पिंपातून कच्चेच बाहेर जाते. हे आम्हाला बोचते, लपवत नाही.

यात उत्साहाच्या भरात दोन गोष्टी विसरू नयेत. पहिली, नॅनो-इमल्शन स्वभावतः टिकाऊ नसते. ते फक्त फार सावकाश मोडते. म्हणून कोणतीही बाटली विकण्यापूर्वी ती थंडीत, खोलीत आणि ४०-४५ अंशांच्या उष्णतेत महिनोन्महिने ठेवून, अपकेंद्री यंत्रात फिरवून, गोठवून-वितळवून थेंबांचा आकार पुन्हा मोजावा लागतो. माळव्यातला मे महिना ज्याने पाहिला आहे त्याला त्या ४५ अंशांचे गांभीर्य सांगायला नको. दुसरी, जे बारीक होते ते खोलवर जाते. जेरॅनिऑलची काही जणांच्या कातडीला ॲलर्जी होते, म्हणून युरोपात ते ठराविक प्रमाणापुढे असेल तर वेष्टणावर नाव छापणे सक्तीचे आहे. हल्ली तेलापासून टूथपेस्टपर्यंत कशावरही ‘नॅनो’ लिहिलेले दिसते. थेंबाचा आकार मोजलेला नसेल तर तो शब्द कझानलिकच्या अस्सल गुलाबतेलाइतकाच विश्वासाचा. घरी तेल पाण्यात ढवळून प्यायचे प्रयोग तर कोणीही करू नयेत.

नव्या बाटलीवर काय नाव असावे, हा प्रश्न आम्हाला कारखान्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. भौगोलिक नावाचा कायदा आपल्याकडे २००३ पासून अमलात आहे. महेश्वरच्या साड्यांना आणि बागच्या ठशांना तसे नाव मिळालेले आहे, आणि बाग तर धार जिल्ह्यातच. निमाडच्या रोशाच्या तेलाला ते मिळायचे तर जुने पुरावे लागतात: कोणत्या गावी भट्ट्या होत्या, तेल कोणत्या नावाने आणि कोणत्या मापाने विकले जाई, कापणाऱ्याला काय मिळे. आमच्यापैकी पुष्कळांचे पूर्वज संस्थानांत कमाविसदार, फडणीस, कारकून होते. माळ्यावरच्या पेट्यांत मोडीतली दप्तरे अजून पडून आहेत. त्यांत रोशा, रोहिस, तिखाडी किंवा गवताचे तेल असा शब्द, जकातीची नोंद, जंगलाच्या मक्त्याचा कागद आढळला तर तो वाळवीच्या तोंडी जाण्याआधी मंडळात आणून दाखवावा. मोडी वाचणारे आपल्यात अजून आहेत. कागद घरच्यांकडेच राहील, आम्ही फक्त छायाचित्र घेऊ.